आवाज होता कामा नये

परीक्षेच्या नियमांत ‘ओठ हलवू नयेत’ असंही एक कलम होतं, आणि ठमीने सगळ्यात आधी धसका घेतला तो त्याचा. तिला लहानपणापासून मनातल्या मनात असं काही करताच येत नसे. हिशोब करायचा तर पुटपुटत, किल्ली शोधायची तर पुटपुटत. ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चाळिशीला टेकलेल्या, दुसऱ्यांच्या शेकडो सर्व्हरवर दिवसभर डोळा ठेवणाऱ्या बाईला ठमी म्हणणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे तिची आई. पण ही गोष्ट त्या दोघींचीच आहे, तेव्हा आपणही तिला ठमीच म्हणू.

तिची नोकरी अशी होती: एका मोठ्या इमारतीच्या तळघरात थंडगार खोल्यांमधून यंत्रं घुमत असत, आणि वरच्या मजल्यावर ठमी आणि तिचे सहकारी भिंतभर पडद्यांसमोर बसलेले असत. पडद्यावर हिरवं असलं की सगळं आलबेल, पिवळं झालं की सावध, लाल झालं की पळापळ. दहा वर्षं तिने हेच केलं होतं आणि चांगलं केलं होतं. मग एक नवा बडा ग्राहक आला आणि त्याने अट घातली, की आमच्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे अमुक एक सर्टिफिकेट हवं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, ‘‘तिमाही संपेपर्यंत ज्यांच्याकडे ते नसेल, त्यांना इथे बसवता येणार नाही.’’

‘‘मग कुठे बसवणार, साहेब?’’ मागून कोणीतरी विचारलं.

साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि मीटिंग संपली.

ती परीक्षा म्हणजे भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवणारी. सलग चार तास, मध्ये उठायचं नाही. आणि विषय काय, तर यंत्रणा कोलमडायच्या आधी ती कोलमडणार आहे हे कसं ओळखायचं. परीक्षा द्यायची घरबसल्या. घरबसल्या म्हटलं की कोणालाही वाटेल, वा, काय सोय आहे! सोय कसली डोंबलाची. कॅमेरा चालू ठेवायचा, आणि जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला एक निरीक्षक, ज्याचं तोंड आपल्याला कधीच दिसत नाही, तो आपल्याकडे टक लावून बघत राहणार. आधी त्याला खोली फिरवून दाखवायची. भिंती, छत, टेबलाखालची जागासुद्धा. दार आतून बंद. खोलीत दुसरं माणूस येता कामा नये, दुसऱ्या माणसाचा आवाज येता कामा नये, नजर पडद्यावरून हलता कामा नये. यातलं काहीही झालं की पडदा काळा. वर्गातून पोराला हाकलायच्या आधी मास्तर निदान दोनदा दटावतो. इथे तेवढीही माया नाही.

पहिल्या खेपेला नेमकं तेच झालं. अभ्यास चोख होता, निम्मी परीक्षा झाली होती, उत्तरं पटापट सुचत होती. पण दाराची कडी नीट बसली नव्हती. आई चवड्यांवर चालत आत आली, हातात सफरचंदाच्या फोडींची बशी, आणि कुजबुजली, ‘‘सकाळपासून पोटात काही नाही गं तुझ्या.’’ पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलं: दुसरी व्यक्ती आढळल्याने परीक्षा रद्द करण्यात येत आहे. दुसरी व्यक्ती बशी धरून तशीच उभी होती.

ठमी ओरडली नाही. ओरडली असती तर एक वेळ बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, ‘‘आई, आता एकच संधी उरली. तीही गेली तर वर्षभर बसता येणार नाही. आणि वर्षभर मला कोण ठेवून घेणार?’’ मग उशीत तोंड खुपसून ती संध्याकाळपर्यंत पडून राहिली.

आईने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. बोलणं हेच तिचं पोट होतं आणि बोलणं हाच तिचा स्वभाव. भाजीवाल्याशी, जिन्यातल्या मांजराशी, लवकर न उकळणाऱ्या दुधाशी, ती कोणाशीही बोलायची. तिला गप्प बसवणं तिच्या नवऱ्याला, तो होता तोवर, कधी साधलं नव्हतं. त्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘ठमे, माझ्यामुळे गेलं ना? आता बघच तू. या घरात टाचणी पडल्याचा जरी आवाज आला, तर नाव बदलीन मी.’’

त्या दिवसापासून घरात दोन अभ्यास सुरू झाले. ठमीचा यंत्रांचा आणि आईचा गप्प बसण्याचा.

आई कामाला लागली की हात धुऊन मागे लागायची. तिने दाराच्या घंटीतला सेल काढून टाकला. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. घरात होती नव्हती ती सगळी सतरंज्या-पायपुसणी बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरली. ठिबकणाऱ्या नळाखाली फडकं ठेवलं, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. खोकला आला तर ती उशी तोंडावर दाबून खोकायची. दर रविवारी ठमी दार लावून सराव परीक्षेला बसायची आणि आई बाहेर घरातलं सगळं काम करायची, बिनआवाज. खेळाचा नियम एकच. आतून येऊन ठमी ‘संपली’ म्हणत नाही तोवर बोलायचं नाही. तोवर ठमी समोर आली तरी आई ओठांवर बोट ठेवायची आणि डोळे मिचकावायची.

पहिल्या रविवारी एक झाकण पडलं. दुसऱ्या रविवारी चमचा वाजला. पुढे काहीच वाजेना. मग सवय मोडू नये म्हणून आई इतर दिवशीही दिवसभर गप्प राहू लागली. सुरुवातीला दोघींना याची मोठी गंमत वाटत होती. मग एका रविवारी ठमीने पाणी प्यायला दार उघडलं, तर आई दाराला लागूनच उभी, श्वासाचासुद्धा आवाज नाही, ओठांवर बोट. ठमी दचकून मागे सरली. आई किती वेळ तिथे उभी होती, कोण जाणे.

‘‘भुतासारखी काय उभी राहतेस!’’ ती म्हणाली.

आईने बोट काढलं नाही. ठमीने ‘संपली’ म्हटलं नव्हतं ना.

खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांनी ठमीला जिन्यात गाठलं. ‘‘अहो, तुमच्या घरात कोणी राहतं की नाही, तेच कळेनासं झालंय हल्ली. आधी तुमच्या आईचा आवाज माझ्या मशीनच्या वर ऐकू यायचा. परवा मी वर येऊन दाराला कान लावला. मला बाई कसंतरीच झालं.’’ ठमीने परीक्षेचं सांगितलं. ‘‘असू दे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण म्हाताऱ्या माणसाच्या घरात जरा आवाज असावा.’’ ठमी हो म्हणाली आणि चार पायऱ्या चढेपर्यंत ते विसरूनही गेली.

ऑफिसात ही परीक्षा एकच माणूस पास झाला होता, त्यांना सगळे मिशीकाका म्हणत. मिशी कधीच गेली होती, नाव राहिलं होतं. ते ठमीला दुपारच्या चहाला गाठून शिकवत. ‘‘तुला वाटतं लाल झालेल्यावर प्रश्न येतात? छे! लाल काय, कोणालाही दिसतं. प्रश्न येतात ते पिवळं होऊन आपोआप हिरवं झालेल्यावर. घटकाभर अडखळतं आणि पुन्हा सुरळीत चालायला लागतं. पोरं म्हणतात, चला, सुटलो, गेला बिघाड. तो गेलेला नसतो, बाई. दबा धरून बसलेला असतो. आणि त्यात कोणी वैतागून घंटा बंद करून ठेवली असली की मग आनंदच.’’

ठमीने ते घरी येऊन कार्डावर उतरवलं. अशी कार्डांची चळतच तिने केली होती. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. संध्याकाळी आई प्रश्न वाचायची, ठमी घड्याळ लावून उत्तर द्यायची. दिवसभर गप्प राहिलेल्या आईला बोलायची मुभा होती ती या एका तासात, आणि ती अगदी बातम्या दिल्यासारखी ठणठणीत वाचायची. क्लस्टर, फेलओव्हर, रिडंडन्सी, एकही शब्द तिला अडत नसे. एक्स्चेंजचा गळा होता तो.

मिशीकाकांचं कार्ड त्या संध्याकाळी सगळ्यात वर होतं. आईने ते उचललं. ‘‘एखादी यंत्रणा मध्येच घटकाभर अडखळते, आणि...’’ ती थांबली. कार्डाकडे बघत राहिली. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

‘‘आई, वाच ना. वेळ चाललाय.’’

आईच्या उजव्या हातातून कार्ड निसटलं. तिने ते उचलायचा प्रयत्न केला नाही, नुसती लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली, ओळख विचारत असल्यासारखी. मग तिने डोळ्यांची उघडझाप केली आणि एकदम हसली. ‘‘अगं, अक्षरं दिसत होती, पण तोंडात येईनात. चष्मा बदलायला झालाय.’’

ठमीने कार्ड उचललं आणि स्वतःच वाचलं. ‘‘...आणि आपोआप सुरळीत होते. तर पहिलं काम काय? नोंद घेणे. सुरळीत झालं म्हणून सोडून न देणे. मूळ शोधणे.’’ तिने घड्याळ बंद केलं. उत्तर बरोबर होतं. दोघी पुढच्या कार्डाकडे वळल्या.

आता तुम्ही म्हणाल, इतकी शिकली-सवरलेली बाई, तिला एवढं कळू नये? ठमीला काही दिसलंच नाही असं नाही. मनात पाल चुकचुकली होती. पण परीक्षा पंधरवड्यावर आली होती, आणि डॉक्टर म्हटलं की एक दिवस, तपासण्या म्हटलं की आणखी दोन. ‘‘परीक्षा झाली की तुला डॉक्टरकडे नेते,’’ ती म्हणाली. ‘‘हो हो, आधी तुझं होऊन जाऊ दे,’’ आई म्हणाली. दोघींनाही हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी सराव चालू असताना आईच्या हातातून चहाचा भरलेला कप सुटला. सतरंजीवर पडला, फुटलासुद्धा नाही. ठमी बाहेर आली आणि ‘संपली’ म्हणाली, तेव्हा आई चहाच्या डागाशेजारी उभी राहून विजयी मुद्रेने म्हणाली, ‘‘बघ! अख्खा कप पडला. आला का आवाज?’’

‘‘नाही आला गं,’’ ठमी म्हणाली आणि तिने आईची पाठ थोपटली.

एवढा सराव झाला तरी धोका नको, म्हणून परीक्षेच्या दिवशी आईने मावशीकडे जायचं ठरलं होतं. पिशवी आदल्या दिवशीच भरून दारापाशी ठेवली होती. परीक्षा दहाला. नऊच्या सुमारास आई चप्पल घालायला वाकली आणि तशीच खाली बसली.

‘‘हाताला मुंग्या आल्यात गं आज. पायही जरा जड वाटतोय. जिना उतरायचं जिवावर आलंय.’’

ठमीने आईकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. खोली अजून रिकामी करायची होती, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं होतं, कॅमेऱ्याची तपासणी राहिली होती. ‘‘रात्री हातावर झोपली असशील,’’ ती म्हणाली. ‘‘मग नको जाऊस. बाहेरच्या खोलीत पडून राहा. पण आई, काही झालं तरी...’’

‘‘काही झालं तरी हूं नाही की चूं नाही,’’ आईने वाक्य पुरं केलं. ‘‘मला सांगतेस? पहिला नंबर आहे माझा यात.’’

मावशीचा रोज सकाळी फोन यायचा आणि तो वाजायचा, म्हणून ठमीने आईचा फोन बंद केला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. आईला वाटलं म्हणून ती उगाच चालू करील, एवढ्यासाठी अगदी मागे सरकवून ठेवला. स्वतःचा फोन बंद करून स्वयंपाकघराच्या खणात टाकला. आईच्या अंगावर चादर घातली. आईने डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. डावं का, हा प्रश्न ठमीला तेव्हा पडला नाही. तिने आत जाऊन कडी लावली, ओढून पाहिली आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली.

पडद्यावर निरीक्षकाची चौकट उघडली. नाव नाही, चेहरा नाही, नुसती अक्षरं उमटत होती. खोली दाखवा. टेबलाखाली दाखवा. बाह्या वर करा. कान दाखवा. तिने कानांवरचे केस मागे घेतले. ठीक आहे, सुरू करा.

पहिले दोन प्रश्न सोपे होते. तिसरा वाचत असताना बाहेर काहीतरी पडलं. मोठा आवाज नव्हता. सतरंज्यांवर सतरंज्या होत्या, मोठा होणारच नव्हता. जड गाठोडं कोणी अलगद खाली ठेवावं तसा तो आवाज होता, आणि तो अलगद नव्हता.

ठमीचे हात थांबले. चौकटीत अक्षरं आली: आवाज आला. घरात कोणी आहे का? वेळ तिथेच शेजारी छापून येत होती. दहा वाजून बारा मिनिटं.

तिला कळलं. हे स्पष्टच सांगायला हवं, कारण पुढे तिने स्वतःलाही वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. कप असेल, पिशवी असेल, खालच्या बाईंकडचं काही असेल. पण आपल्या माणसाच्या पडण्याचा आवाज माणसाला कळतो. उठायचं म्हटलं तर कडी चार पावलांवर होती. आणि उठलं की पडदा काळा, मग साहेब घड्याळात बघणार. तिने टाइप केलं: शेजारून आला.

ठीक आहे. पुढे चालू ठेवा.

तिने पुढे चालू ठेवलं. थोड्या वेळाने दाराला खालच्या बाजूला काहीतरी घासलं. कापड घासावं तसं. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. तिने नजर पडद्यावरून हलवली नाही. ओठ घट्ट मिटून घेतले, दात दुखेपर्यंत. निरीक्षकाने या वेळी काही विचारलं नाही. आवाज तेवढा मोठा नव्हताच. मग घासणं बंद झालं आणि घर पूर्ण शांत झालं. आणि काय सांगावं, त्या शांततेने ठमीला बरं वाटलं. आई उठून पुन्हा पडली असेल अंथरुणावर, शहाणी आहे माझी आई, असं तिच्या मनात आलं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली ती या बरं वाटण्याची.

मध्येच कधीतरी मिशीकाकांचा प्रश्न आला. जवळजवळ शब्दशः तोच. यंत्रणा तीन वेळा अडखळून आपोआप सुरळीत झाली आहे, सूचना देणारी घंटा कोणीतरी बंद केलेली आहे, आता तिच्याकडून काहीच येत नाही. काय समजाल? चार पर्यायांत ‘सर्व ठीक आहे’ हा पहिला होता. तिने तो अर्थातच निवडला नाही.

दीडच्या सुमाराला तिचे सगळे प्रश्न संपले. पेपर तेव्हा देऊन टाकता आला असता. पण अर्धा तास हातात होता, आणि एक चूकसुद्धा महागात पडली असती, म्हणून तिने पहिल्यापासून सगळी उत्तरं तपासली. दोन बदलली. बदललेली दोन्ही, हे नंतर कळलं, आधी बरोबर होती. तरी ती पास झाली. हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं, निरीक्षकाची चौकट मिटली, आणि कॅमेऱ्याचा बारीक दिवा विझला.

‘‘आई!’’ ती ओरडली. ‘‘आई, झाले गं पास! संपली!’’

बाहेरून हूं नाही की चूं नाही. तिने कडी काढली. दार ढकललं तर ते वीतभर उघडलं आणि अडलं. खाली काहीतरी होतं, मऊ आणि जड. ठमीने फटीतून अंग चोरून कसंबसं बाहेर काढलं.

आई दाराला लागून उजव्या कुशीवर पडली होती. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, आणि त्या तोंडात तिने हात पुसायचा नॅपकिन कोंबून घेतला होता, आपणहून, डाव्या हाताने. त्याचं टोक अजून तिच्या मुठीत होतं. दाराला कापड घासल्याचा आवाज कशाचा होता तेही ठमीला कळलं.

तिने नॅपकिन काढला. ‘‘आई, बोल. संपली परीक्षा. बोल ना गं!’’ आईच्या घशातून एक आवाज आला, त्यात शब्द नव्हता. ठमी धावत स्वयंपाकघरात गेली, फोनसाठी खण ओढला तो सगळा बाहेरच आला, चमचे फरशीवर खणखणले. इतक्या दिवसांनी घरात झालेला तो पहिला मोठा आवाज. खालच्या शिवणवाल्या बाई तो ऐकून वर आल्या आणि दारातच थबकल्या. रुग्णवाहिका आली तेव्हा त्यांनीच सतरंज्या बाजूला करून स्ट्रेचरला वाट करून दिली.

इस्पितळात पोचायला तीन वाजत आले. डॉक्टरीण तरुण होती, भरभर बोलत होती. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे, ती विरघळवणारं औषध आहे, पण ते साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘‘हे कधी झालं? नेमकी वेळ कोणी सांगू शकेल? बहुतेक घरच्यांना सांगता येत नाही, कारण पेशंट एकटा असतो.’’

ठमीला वेळ माहीत होती. मिनिटासकट माहीत होती, छापून आली होती. तिच्या मनात आलं, अकरा म्हणावं. अकरा म्हटलं तर औषध मिळेल. ती पुटपुटत हिशोब करू लागली.

‘‘अंदाजाने सांगू नका,’’ डॉक्टरीण तिच्या ओठांकडे बघत म्हणाली. ‘‘वेळ उलटल्यावर ते औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. मग हातात काहीच राहत नाही.’’

‘‘दहा वाजून बारा मिनिटं,’’ ठमी म्हणाली.

डॉक्टरिणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग ठमीकडे पाहिलं. ‘‘म्हणजे तुम्ही घरात होतात?’’

‘‘हो. शेजारच्या खोलीत.’’

डॉक्टरिणीने नर्सला हातानेच नको म्हणून खुणावलं. मग, वाईट हेतूने नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘‘अर्धा तास आधी आणलं असतं ना, तर देता आलं असतं.’’

संध्याकाळी ठमी आईच्या खाटेशी बसली होती. जीव वाचेल, असं सांगितलं होतं. उजवी बाजू कदाचित थोडी परत येईल. बोलण्याचं मात्र सांगता येत नाही म्हणाले. दुसऱ्याचं बोललेलंही तिला किती कळतंय ते आत्ताच कळणार नाही. वॉर्डात भांडी वाजत होती, कोणी कण्हत होतं, कोणी फोनवर मोठमोठ्याने बोलत होतं. आई डोळे मिटून पडली होती.

ठमीच्या पिशवीत फोन वाजला. साहेबांचा होता. निकाल कंपनीला परस्पर कळतो. तिने तो बंद करायच्या आत आईचे डोळे खाडकन उघडले. त्यांत भीती होती, निव्वळ भीती, सफरचंदाची बशी हातात घेऊन उभी होती त्या दिवशीची. तिचा डावा हात चादरीखाली धडपडला, कसाबसा बाहेर आला, हनुवटीपर्यंत पोचला आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

‘‘संपली, आई,’’ ठमी म्हणाली. ‘‘संपली गं परीक्षा. संपली.’’

आई तिच्याकडे बघत राहिली. बोट तिने काढलं नाही.